आधी वही, मग स्क्रीन: लहान मुलांना वर्गात इंटरनेट वापरायला कसं शिकवावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चौथीचा वर्ग, पट ३६, शाळेत एक प्रोजेक्टर आणि ६ टॅब, त्यातल्या दोघांना नेट धड मिळत नाही. तुम्ही मुलांना ‘आवडत्या प्राण्याची माहिती इंटरनेटवरून काढून आणा’ असं सांगितलंत. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलांनी एकसारखी छापील पानं आणली आणि त्यातलं एक वाक्यही त्यांना आपल्या शब्दांत सांगता येईना. वर एका मुलाला शोधताना नको ते चित्र दिसलं आणि त्याची आई तुम्हाला भेटायला आली. मुख्याध्यापक म्हणतात सुरू ठेवा, पालक म्हणतात बंद करा. तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करायची, कोणत्या वयाला काय द्यायचं आणि चांगली संकेतस्थळं कोणती.

प्राथमिकला शिकवून मला वीसेक वर्षं झाली. तुमच्याकडे जे घडलं ते माझ्याकडेही याच क्रमाने घडलेलं आहे: आधी छापील पानं, मग चित्र, मग आई. त्यामुळे धीर सोडू नका, पण पुढचे दोन-तीन आठवडे टॅब कपाटातच राहू द्या. संकेतस्थळांचं सगळ्यात शेवटी बोलू. तो प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि त्याने सगळ्यात कमी फरक पडतो.

फरक पडतो तो एका साध्या अटीने. मूल स्क्रीनजवळ जाईल तेव्हा त्याच्या वहीत दोन गोष्टी आधीच लिहिलेल्या असल्या पाहिजेत: त्याचा प्रश्न आणि त्याचा अंदाज. दोन्ही पेन्सिलीने, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. प्रश्न नसेल तर टॅब नाही, अंदाज नसेल तरी टॅब नाही. चुकलेला अंदाज खोडायचा नाही, हे मी फार कडकपणे पाळते. मुलांना खोडरबर फार प्रिय. उत्तर सापडलं की अंदाज पुसून तिथे बरोबर उत्तर लिहिण्याकडे त्यांचा ओढा असतो. पण आधी काय वाटत होतं आणि आता काय कळलं, या दोन ओळी एकाखाली एक दिसल्या तरच मुलाला आपण काहीतरी शिकलो हे जाणवतं.

आता तुमच्या विषयाकडे या. ‘आवडत्या प्राण्याची माहिती’ हा प्रश्नच नाही, तो मथळा आहे. मथळा दिला की मूल मथळ्याखालचं सगळं उचलून आणणार, त्यात त्याचा काही दोष नाही. त्याऐवजी ‘हत्ती झोपतो तेव्हा उभा असतो की आडवा? आणि किती वेळ झोपतो?’ असं विचारून बघा. वर्गात लगेच दोन तट पडतात. कोणी म्हणतं एवढं मोठं धूड उभ्याने झोपूच शकत नाही, कोणी म्हणतं आडवा झाला तर उठणार कसा. हे अंदाज वहीत गेले की मुलांना उत्तर खरोखर हवं असतं, आणि हवं असलेलं उत्तर कोणी पानंच्या पानं छापून आणत नाही. या प्रश्नाची आणखी एक गंमत आहे. एका पानावर दोन तास सापडतात, दुसऱ्या पानावर त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट. भांडण होतं. मग नीट वाचल्यावर कळतं की दोन तासांचा आकडा रानातल्या हत्तींचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोत्स्वानातल्या दोन हत्तिणींच्या सोंडेत हालचाल टिपणारं छोटं यंत्र बसवून तो मोजला होता. जास्तीचा आकडा पाळलेल्या हत्तींचा. दोन्ही खरे. आणि हो, रानातले हत्ती बरेचदा उभ्यानेच झोपतात, रोज आडवे होत नाहीत.

टॅब कपाटात असताना काय करायचं, तर मुलांच्या डोक्यातला एक गैरसमज आधी काढायचा. त्यांच्या लेखी ‘गूगल’ म्हणजे कुठेतरी बसलेला एक फार हुशार माणूस. ‘गूगलने सांगितलं’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. जोवर तो माणूस तिथे बसलेला आहे तोवर त्याच्यावर शंका घेणं मुलाला उद्धटपणा वाटतो.

मी यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ घेते. पाठ्यपुस्तकातली दहा पानं दहा जोड्यांना वाटून द्यायची. प्रत्येक जोडीने आपल्या पानावरचे सात-आठ महत्त्वाचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि प्रत्येक चिठ्ठीवर पान क्रमांक टाकायचा. मग सगळ्या चिठ्ठ्या शब्दांप्रमाणे लावून भिंतीवर चिकटवायच्या. झाली शब्दसूची. आता मी शब्द ओरडते, ‘पाणी!’ आणि एक मूल भिंतीवर बघून सांगतं, पान ४, ७, ९. ‘पाणी आणि मुळं!’ म्हटलं की फक्त ७. शोधयंत्र हेच करतं, एवढंच मी सांगते. ते त्या क्षणी जगभर धावत जात नाही, त्याने आधीच पानं चाळून आपली सूची करून ठेवलेली असते आणि आपला शब्द त्या सूचीत बघतं. खेळात एक जोडी हमखास एखादा शब्द लिहायला विसरते. तो शब्द पानावर असूनही भिंतीवर सापडत नाही, आणि ‘गूगलला नाही सापडलं म्हणजे नाहीच’ हा दुसरा गैरसमजही तिथेच उघडा पडतो.

मग कोणीतरी विचारतंच, तीन पानं आली तर पहिलं कुठलं दाखवायचं? हा प्रश्न मी मुद्दाम त्यांच्यावरच सोडते. ‘ज्यात पाणी हा शब्द जास्त वेळा आलाय ते,’ हे पहिलं उत्तर. ‘मग मी माझ्या पानावर पाणी पाणी पाणी शंभरदा लिहीन,’ हे मागच्या बाकावरून. सुरुवातीच्या शोधयंत्रांना नेमका हाच त्रास होता. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल काढलं तेव्हा त्यांची मुख्य युक्ती अशी होती की ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात, त्यातही वजनदार पानं बोट दाखवतात, ते वर आणायचं. आज त्यात असंख्य गोष्टींची भर पडली आहे, पण चौथीला एवढं पुरे: वर आलेलं पान जास्त लोकांनी दाखवलेलं असू शकतं, जास्त खरं असेलच असं नाही. आणि सगळ्यात वरची एक-दोन पानं कित्येकदा पैसे देऊन वर आलेली असतात.

इंटरनेट, वेब, ब्राउझर यांतला फरक या वयात पाठ करून घेऊ नका. परीक्षेला विचारतात म्हणून सांगायचाच असेल तर दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला.

यानंतर प्रोजेक्टर काढा, पण कळफलक स्वतःकडे ठेवा. पहिले तीन-चार तास शोध तुम्ही घ्यायचा आणि मोठ्याने विचार करत घ्यायचा. ‘मला हे हवंय, मी हे दोन शब्द टाकते, अरे, हे तर भलतंच आलं, हे पान मी उघडणार नाही कारण खाली जाहिरात लिहिलंय…’ अशी अखंड बडबड. सुरुवातीला स्वतःलाच वेड्यासारखं वाटतं. पण चांगला शोधणारा माणूस मनात काय करतो हे मुलांना एरवी कधीच दिसत नाही. त्यांना फक्त आपला वेग दिसतो.

शब्द निवडणं शिकवायला मराठीत माझा लाडका शब्द ‘कोळी’ आहे. आठ पायांच्या कोळ्याची माहिती हवी म्हणून ‘कोळी’ टाकलं की मासेमारी करणारे कोळी येतात, कोळीगीतं येतात, कोळी आडनावाची माणसं येतात आणि मधेच कुठेतरी आपला कोळी. एकदा एका मुलीने अगदी आत्मविश्वासाने सुचवलं, ‘बाई, पुढे जाळं लिहा, म्हणजे तोच येईल.’ लिहिलं. तर समुद्रावरची जाळी आणि होड्याच होड्या! वर्ग दोन मिनिटं हसत होता. मग ‘कोळी कीटक’ असं एकाने सुचवलं, त्यावर दुसरा म्हणाला की कोळी कीटक नसतोच, कीटकाला सहा पाय असतात. त्याचं बरोबर होतं. तरी ‘कोळी कीटक’ टाकल्यावर हवी ती पानं आली, कारण कितीतरी लोक कोळ्याला कीटकच म्हणतात. चुकीचा शब्द टाकून बरोबर पान सापडू शकतं, हे पाहून तो मुलगा पार गोंधळला. शेवटी ‘कोळी आठ पाय’ या शोधावर सगळ्यांचं समाधान झालं. वीस मिनिटांत जे कळलं ते मला फळ्यावर नियम लिहून तासभरातही सांगता आलं नसतं. ‘मंगळ’ हा असाच दुसरा शब्द. यानाबद्दल वाचायचं असतं आणि पत्रिकेतल्या दोषांची पानं उघडतात.

देवनागरी टंकन हा चौथीच्या मुलांसाठी खरा अडथळा असतो. जोडाक्षरं शोधण्यातच तास संपतो. सुरुवातीला बोलून टंकायची सोय वापरू द्या, पण एक काम ठेवा: यंत्राने काय ऐकलं ते आधी वाचायचं, मगच शोधायचं. ‘शनी’चं ‘सणी’ झालेलं मुलांना चटकन दिसतं आणि शुद्धलेखनाकडे त्यांचं लक्ष माझ्या लाल शाईने कधी गेलं नव्हतं इतकं जातं.

शनीवरून आठवलं, त्याचा तास थोडा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची सवय त्यातून लागते. प्रश्न होता, शनीला किती चंद्र आहेत? अंदाज लिहिले. एकीने १ लिहिला, कारण आपल्याला एकच आहे. एकाने ७, शनिवार सातवा म्हणून (मी काही बोलले नाही). मग प्रत्येक गटाला मी आधीच निवडून ठेवलेलं एकेक वेगळं पान दिलं. वाचून गटांनी फळ्यावर आकडे लिहिले: ६२, ८२, १४६, २७४. शांतता. मग एकजण म्हणाला, ‘तीन जण खोटं बोलतायत.’ मी म्हटलं, पुन्हा त्याच पानांवर जा आणि पान कधी लिहिलंय ते शोधून आणा. तारीख शोधायलाच त्यांना दहा मिनिटं लागली. कुठे वर होती, कुठे अगदी तळाला बारीक अक्षरात, एका पानावर नव्हतीच. पण मिळालेल्या तारखा आकड्यांशेजारी लिहिल्यावर फळ्यावर आपोआप एक ओळ तयार झाली. २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत ६२ धरले जात होते, तेव्हा आणखी २० सापडले आणि ८२ झाले. २०२३ मध्ये ६० हून अधिक नव्यांची भर पडून आकडा १४६ वर गेला. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि २७४ झाले.

‘पण बाई, एवढे नवे चंद्र आले कुठून? पिल्लं झाली का?’ हा प्रश्न आला आणि माझा तास सार्थकी लागला. चंद्र होतेच, ते फार लहान आणि अंधुक आहेत, दिसायला दुर्बिणी आणि चिकाटी लागली. शेवटी त्यांनी पुस्तक उघडून तिथला आकडा पाहिला आणि पुस्तक कोणत्या साली छापलंय तेही न सांगता शोधलं. तेव्हापासून माझ्या वर्गात वहीत उत्तराच्या पुढे कंसात पानाचं साल लिहायची पद्धत आहे. साल सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह. इतका छोटा नियम चौथीच्या मुलाला झेपतो.

खरं-खोटं ओळखण्याबाबत माझी एक चूक कबूल करते. मी बारा मुद्द्यांची एक तपासयादी केली होती. लेखकाचं नाव आहे का, संपर्क आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, पत्त्याच्या शेवटी काय आहे, वगैरे. मुलं इमानदारीत बारा बरोबरच्या खुणा करायची आणि साफ बनावट पानाला बारापैकी अकरा गुण द्यायची. कारण बनावट पान करणाऱ्यालाही हे बारा मुद्दे माहीत असतात. पत्त्याच्या शेवटी ‘ऑर्ग’ असलं की पान विश्वासाचं, असं अजूनही काही प्रशिक्षणांत सांगतात. तसं काही नाही, ‘ऑर्ग’ कोणालाही विकत घेता येतं.

१९९८ पासून इंटरनेटवर झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं एक संकेतस्थळ आहे. सगळं थापेबाजीचं, पण छायाचित्रं, शास्त्रीय नाव, ‘वाचवा’ मोहीम, सगळं यथासांग. २००६ साली अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ते सातवीच्या २५ मुलांना दाखवलं. इंटरनेटवर चांगलं वाचणारी म्हणून निवडलेली ही मुलं. जवळपास सगळ्यांना ते विश्वासार्ह वाटलं. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्यांची तथ्यं तपासणारे व्यावसायिक यांची तुलना केली. तपासणारे सर्वांत लवकर आणि सर्वांत अचूक ठरले, कारण ते त्या पानावर रेंगाळतच नव्हते. पटकन बाहेर पडून ‘हे कोण आहेत?’ हे दुसरीकडे शोधत होते.

चौथीसाठी मी याचं ‘दुसरं दार’ केलंय. एका दारी जे कळलं ते दुसऱ्या दारी विचारायचं, आणि दोन्हीकडे जुळलं तरच वहीत पेनाने लिहायचं. तोवर पेन्सिल. यात एक फट आहे, ती मुलांनीच मला दाखवली. दोन पानांवर अगदी तीच वाक्यं, तीच चूक! ‘याने त्याची वही बघून लिहिलंय,’ असा निकाल लगेच आला. कॉपी ओळखण्यात चौथीची मुलं वाकबगार असतात, त्या अनुभवाचा उपयोग करून घ्या. तसली दोन पानं म्हणजे एकच दार.

आणि मुलांकडूनच एक खोटं पान बनवून घ्या. कागदावर, इंटरनेटवर नाही. शाळेच्या मैदानाखाली सापडलेला बोगदा, रात्री रंग बदलणारं झाड, काहीही. अट एकच, शेजारच्या वर्गाला खरं वाटलं पाहिजे. माझ्या एका गटाने ‘बोगद्याची लांबी ४१७ मीटर’ असं लिहिलं. मी विचारलं ४१७ च का, ४०० का नाही? ‘४०० खोटं वाटतं, बाई.’ नऊ वर्षांचं मूल हे बोलतं तेव्हा त्याला पुढे कोणी नेमका आकडा फेकून फसवणं थोडं अवघड जाणार.

जाहिरात ओळखण्याचा सराव पडद्याच्या छापील चित्रावर आणि लाल पेन्सिलीने घ्या. २०१६ च्या स्टॅनफर्डच्याच एका पाहणीत ‘प्रायोजित’ असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात माध्यमिकच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना बातमी वाटली होती, मग आपली तर लहान. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ हे शब्द शोधून गोल करायचे, आणि ‘डाउनलोड’ लिहिलेल्या सगळ्या बटणांपैकी खरं कोणतं ते ओळखायचं. सगळ्यात मोठं आणि हिरवं बटण बहुधा खोटं असतं हे त्यांना दोन तासांत कळतं.

छापील पानांचा रोग जायला ‘झाकून लिही’ ही पद्धत लावा. पान वाचायचं, टॅब पालथा ठेवायचा, आणि आठवेल ते तीनच वाक्यांत लिहायचं. विसरलं तर पुन्हा बघायचं, पण बघताना पेन्सिल खाली. बघता-बघता लिहायला बंदी. वाक्यं मोडकी येतील, ती मोडकीच राहू द्या. चित्र हवं असेल तर हाताने काढायचं आणि खाली ‘अमुक पानावरचं बघून काढलं’ असं लिहायचं. दुसऱ्याचं घेतलं तर नाव सांगायचं, इतकं या वयात भरपूर झालं. मोठा मजकूर असेल तर मी तो कागदावर छापून देते. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हाही वेळ मर्यादित असताना माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असंच दिसलं. शोध स्क्रीनवर, वाचन कागदावर, यात कमीपणा काही नाही.

हल्ली शोधलं की सगळ्यात वर यंत्राने जुळवलेलं तयार उत्तर येतं. मुलं तेवढंच उचलतात. माझ्या वर्गात त्याला ‘ऐकीव’ म्हणतात: खाली दिलेल्या मूळ पानावर जाऊन बघितल्याशिवाय ते वहीत येत नाही. चॅटबॉट, म्हणजे प्रश्न विचारला की माणसासारखं लिहून उत्तर देणारं यंत्र, मात्र मी या वयाच्या मुलांच्या हातात देत नाही. चॅटजीपीटीच्या अटींनुसारच १३ वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाही. कधी दाखवायचं तर प्रोजेक्टरवर, माझ्या हाताने, आणि मुलांना ज्यातलं पक्कं माहीत आहे असाच प्रश्न विचारून. आपल्या शाळेबद्दल विचारलं आणि त्याने छातीठोकपणे भलतंच सांगितलं की मुलं खूश होतात.

आता त्या चित्राबद्दल. शोधयंत्रात नको ती चित्रं गाळणारी ‘सेफ सर्च’ ही सोय चालू करा, यूट्यूबवर तशीच ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ लावा, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं बंद करा. हे सगळं केलं तरी कधीतरी काहीतरी गळून येईलच. पालकांना ‘आम्ही सगळं बंद केलंय’ असं सांगू नका, एक दिवस तोंडघशी पडाल. मुलाने तेव्हा काय करायचं हे आधी ठरवा. आमच्याकडे ‘पालथा टॅब, हात वर’. काही बोलायचं नाही, शेजाऱ्याला दाखवायचं नाही. मी जाते, टॅब उचलते, ‘बरं केलंस’ म्हणते आणि दुसरा देते. चौकशी नंतर, एकट्यात, तीही आवाज न चढवता. माझ्याकडे एकदा एका मुलाला असंच काही दिसलं. आधीच्या वर्षी अशा वेळी दुसऱ्या मुलाला ओरडा बसलेला त्याने पाहिला होता, म्हणून तो तास संपेपर्यंत गप्प बसून राहिला आणि रात्री घरी रडला. ओरडणारी मीच होते. या कवायतीचा सराव घ्या, अगदी आगीच्या सरावासारखा, काही घडलेलं नसताना.

मुलांच्या नावाने खाती उघडू नका. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे आणि पालकांची खात्रीलायक संमती मागितली आहे. अमेरिकेत ही रेषा १३ वर आहे, युरोपात देशागणिक १३ ते १६. पण कायदा बाजूला ठेवला तरी चौथीला खात्याची गरजच नसते. तुम्ही निवडलेल्या पानाचा क्यूआर कोड छापून बाकावर चिकटवा. मूल तो टिपतं आणि थेट त्याच पानावर पोचतं, टंकन नाही, भटकंती नाही.

वयाचं म्हणाल तर माझा ढोबळ हिशोब असा. पहिली-दुसरीला शोध फक्त शिक्षकांचा, मुलं प्रश्न देतात. तिसरी-चौथीला निवडलेल्या पानांत मुलं जोडीने हिंडतात. मोकळा शोध पाचवीपासून, तोही तुम्ही मागून फिरत असताना. एखादा वर्ग लवकर पुढे जातो, एखादा नाही. टॅब सराईतपणे चालवतो म्हणून कोणाला पुढे ढकलू नका. १९९९ साली सुगत मित्रांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला होता. वस्तीतली मुलं कोणी न शिकवता तो चालवायला शिकली. बोटांचं काम मुलं आपसूक शिकतात, त्यासाठी आपला तास घालवायला नको. पण त्या प्रयोगातली घोळक्याची गोष्ट उचलण्यासारखी आहे. तुमचे चालू टॅब ४ आणि मुलं ३६, तर एका वेळी १२ मुलं टॅबवर, तिघांचा गट: एक चालवणार, एक मोठ्याने वाचणार, एक लिहिणार. पाच मिनिटांनी भूमिका बदलायच्या. बाकीच्या २४ जणांना वहीचं काम. ज्याच्या हातात टॅब त्याच्या हातात पेन्सिल नाही, हे एवढं सांभाळलंत की टॅबवरून होणारी ओढाताण निम्मी होते.

पालकांना बोलावून भाषण देऊ नका. मुलांच्या वह्या उघडून दाखवा, अंदाज, उत्तर, साल. माझ्या अनुभवात त्या आईचा राग वही पाहिल्यावर उतरतो.

आणि संकेतस्थळं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. लेख कमी-जास्त दर्जाचे, पण प्रत्येक लेखाचा इतिहास उघडून तो कोणत्या दिवशी बदलला हे मुलांना दाखवता येतं, हा त्याचा मोठा फायदा. मराठी विश्वकोश भरवशाचा, मात्र भाषा चौथीला जड आणि बऱ्याच नोंदी जुन्या, त्यामुळे तुम्ही वाचून सांगा. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET), त्यात स्क्रीनवर हाताळून बघायचे प्रयोग आहेत आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. भूगोलाला गूगल अर्थ. अवकाशाला नासा, चित्रांसाठी. किडल हे मुलांचं शोधयंत्र गूगलचंच आहे असा समज आहे, तसं नाही. ते गूगलचा शोध वापरतं, कंपनी वेगळी. मराठीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

राहिले ते नेट न पकडणारे दोन टॅब. ते परत पाठवू नका. किविक्स नावाचं मोफत अॅप आहे, त्यात मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो. त्या दोन टॅबवर नको ते चित्रही अवचित येण्याची भीती जवळजवळ नाही आणि मधेच जाहिरातही नाही. मी तर नव्या मुलांची सुरुवात मुद्दाम अशाच टॅबवर करते.